अंधेर नगरीची ओढ

गोष्टी सांगणारी कोणतीही आजी घ्या, तिच्या पोतडीत एक अंधेर नगरी असतेच. त्या नगरीत भाजी आणि मिठाई एकाच भावाने विकली जाते, म्हणून बाहेरून आलेला एक चेला खूश होऊन तिथेच मुक्काम ठोकतो. मग एक भिंत कोसळते, तिच्याखाली एक बकरी मरते आणि राजा फर्मान सोडतो, गुन्हेगाराला हजर करा. घरमालक गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी चुनेवाल्याकडे, चुनेवाला भिश्त्याकडे. फिरत फिरत फास कोतवालाच्या गळ्यापाशी येतो. पण कोतवालाची मान बारीक आणि फास मोठा! आता काय करायचे? फासात नीट बसेल अशी जाड मान शोधून आणायची. मिठाई खाऊन गुबगुबीत झालेला तो चेला नेमका तावडीत सापडतो. भारतेंदु हरिश्चंद्र यांनी १८८१ मध्ये याच लोककथेवर हिंदीत ‘अंधेर नगरी’ हे नाटक लिहिले. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले खदखदून हसतात. मग हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरून एखादा आवाज येतो, “पण टीचर, त्याने केलं काय होतं?”

हा प्रश्न ज्या पुस्तकांच्या पोटात असतो, त्यांच्याविषयी या महिन्यात आम्हाला बोलायचे आहे. इंग्रजीत या प्रकाराला डिस्टोपिया म्हणतात. १५१६ मध्ये सर थॉमस मोर यांनी एका आदर्श बेटाविषयी पुस्तक लिहिले आणि त्या बेटाला ‘यूटोपिया’ असे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ ‘कुठेही नसलेली जागा’. पुढे १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी ब्रिटिश पार्लमेंटात बोलताना त्याच्या उलट शब्द वापरला, वाईट जागेचा. तिथून डिस्टोपिया हा शब्द रुळत गेला. आम्ही मात्र आपला घरचाच शब्द वापरणार आहोत, अंधेर नगरी.

उर्दू वाचणाऱ्यांना हा प्रकार अगदीच परका नाही. ‘शहर-आशोब’ हा आपल्या शायरीतला जुना प्रकार. सौदा आणि मीर यांनी उद्ध्वस्त दिल्लीचे दुःख मांडले, नझीर अकबराबादी यांनी आग्र्यातल्या बेकार झालेल्या कारागिरांचे. फरक एवढाच की शहर-आशोब उजाड झालेल्या शहरासाठी रडतो आणि डिस्टोपिया अजून उजाड न झालेल्या शहरासाठी. पहिला म्हणतो, बघा काय झाले. दुसरा म्हणतो, बघा काय होऊ शकते.

मुलांना हेच का आवडते?

एका पालकसभेत एका अम्मीने आम्हाला गाठले. मुलगी दहावीत, हुशार, वाचनाची आवड असलेली. “टीचर, वाचते याचा आनंद आहे. पण जेव्हा बघावं तेव्हा जगबुडीचीच पुस्तकं. कुठे मुलांना एकमेकांशी मरेपर्यंत लढवतात, कुठे पुस्तकं जाळतात. अशाने मन काळं होणार नाही का?”

प्रश्न खरा आहे. उत्तरासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेरा-चौदा वर्षांचे मूल कसे जगते? घंटा वाजली की बसायचे, घंटा वाजली की उठायचे. एकसारखा गणवेश, हजेरीचा क्रमांक, कुणीतरी ठरवलेला पेपर, कुणीतरी लावलेला निकाल. दहावीनंतर सायन्स घ्यायचे की कॉमर्स, हे ठरवायला मामू, चाचू, फुफू सगळे हजर. ज्याला शिकायचे आहे त्यालाच कुणी विचारत नाही. हे सारे त्याच्या भल्यासाठीच असते, हे आपल्याला माहीत असते. पण अंधेर नगरीचा राजाही हेच म्हणतो की सारे तुमच्या भल्यासाठी चालले आहे. ‘भल्यासाठी’ या शब्दातला खरा आणि खोटा भाग वेगळा कसा करायचा, हे मुलांना या वयात कळून घ्यायचे असते. ही पुस्तके त्यांना तो सराव देतात.

दुसरे कारण भीतीचे. जिन्नांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी रजईत शिरून ऐकल्या आहेत. आजीच्या मांडीवर बसून घाबरण्यात एक सुख असते, कारण मांडी हलत नाही. पुस्तकातली भीती तशीच असते. पान मिटले की ती थांबते. आणि मुलांच्या कानावर खरी भीती रोज पडतेच आहे. युद्धाच्या बातम्या, आटलेल्या विहिरी, मोबाईलवर फिरणारे नाना व्हिडिओ. त्या भीतीला ना आगा ना पिछा. पुस्तक त्याच भीतीला सुरुवात, मध्य आणि शेवट देते. भीतीची गोष्ट झाली की तिच्याविषयी बोलता येते.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या प्रत्येक पुस्तकात एक जण तरी असा असतो, ज्याच्या लक्षात येते. तो पहिलवान नसतो, शहजादा नसतो. बहुतेक वेळा कारकून, कामगार किंवा शाळकरी मूल असते. सगळे जे पाहून पुढे जातात, तिथे ते थबकते. जुन्या दास्तानांत तिलिस्म असायचा, जादूची खोटी दुनिया, आणि तो तोडण्यासाठी एक ‘लौह’ म्हणजे पाटी असायची, जिच्यावर सुटकेची युक्ती लिहिलेली. अंधेर नगरीच्या पुस्तकांत ती पाटी कुणी हातात ठेवत नाही. ती वाचणाऱ्याला स्वतः शोधावी लागते. मुलांना नेमके हेच आवडते.

म्हणून त्या अम्मींना आम्ही म्हणालो, पुस्तक काढून घेऊ नका. तिच्या शेजारी बसा. कोणत्या वयाला कोणते पुस्तक, एवढे मात्र बघा. ती यादी अशी.

आठवीच्या आतल्या मुलांसाठी

सुरुवात सिनेमापासून करा. सत्यजित राय यांचा ‘हीरक राजार देशे’ हा १९८० चा बंगाली चित्रपट मुलांसाठीच आहे. हिऱ्याच्या खाणींचा मालक असलेला राजा लोकांच्या डोक्यात हवे ते विचार भरण्यासाठी एक यंत्रघर बनवून घेतो. खाणकामगाराने, शेतकऱ्याने काय बोलायचे, हे यंत्र ठरवते. राजाला सर्वांत जास्त भीती कुणाची वाटते? गावच्या मास्तरांची. तो पाठशाळा बंद करतो, पुस्तके जाळायला लावतो आणि उदयन पंडित या शिक्षकाला डोंगरात लपावे लागते. शेवटी राजाचे यंत्र राजावरच उलटते आणि तो स्वतःच आपला पुतळा पाडायला धावतो. बंगाली कळत नसले तरी चालते. गाणी आणि यमकातले संवाद यांमुळे मुले बांधली जातात.

त्यानंतर जॉर्ज ऑर्वेल यांचे ‘ॲनिमल फार्म’. हे १९४५ चे छोटेखानी पुस्तक मराठीतही उपलब्ध आहे. शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून देतात, सात नियम भिंतीवर रंगवतात आणि सगळे समान झाले म्हणून गाणी गातात. मग डुकरे हळूहळू घरात राहू लागतात, पलंगावर झोपू लागतात. दर वेळी रात्रीतून भिंतीवरचा एक नियम बदललेला असतो. बिचाऱ्या प्राण्यांना वाटते, आपल्यालाच नीट आठवत नसेल. बहुतेकांना वाचता येत नाही, ज्यांना येते ते बोलत नाहीत. हे पुस्तक शिकवताना आम्ही मुलांना एकच काम देतो. मूळ नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक प्रकरणानंतर भिंतीशी ताडून बघा. साक्षर असण्याचा उपयोग काय, यावर याहून चांगला धडा आम्हाला ठाऊक नाही.

आठवी ते दहावी

लोइस लोरी यांचे ‘द गिव्हर’ (१९९३) या वयासाठीच लिहिलेले आहे. जोनासच्या वस्तीत भांडण नाही, भूक नाही, कुणी खोटे बोलत नाही. रंगही नाहीत. आणि बारा वर्षांचे झाले की कोणत्या मुलाने पुढे कोणते काम करायचे, हे मोठी माणसे जाहीर करतात. जोनासला काम मिळते आठवणी जपण्याचे. साऱ्या वस्तीने ज्या आठवणी टाकून दिल्या, त्या एका म्हाताऱ्याकडून त्याने घ्यायच्या. बर्फ, ऊन, सण, आणि युद्धसुद्धा. पुस्तकात एक प्रसंग असा येतो की जोनासला आपल्या वडिलांच्या कामाचे खरे रूप दिसते. तान्ह्या बाळाशी संबंधित तो प्रसंग मनाला चटका लावणारा आहे. तो आधी आईवडिलांनी वाचावा आणि मूल तिथे पोहोचेल तेव्हा घरात असावे.

रे ब्रॅडबरी यांचे ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) म्हणजे अशा गावाची गोष्ट, जिथे आगीचा बंब आग विझवायला नव्हे तर पुस्तके जाळायला येतो. मॉन्टाग हा तिथला बंबवाला. त्याची बायको कानात बारीकशी श्रवणयंत्रे खुपसून बसते, घराच्या भिंतीच टीव्ही झालेल्या आहेत आणि त्या टीव्हीतल्या माणसांना ती आपले कुटुंब म्हणते. सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाचताना आपल्या दिवाणखान्यावरून एक नजर फिरतेच. पण आम्हाला त्यातले खरे मर्म वेगळ्या ठिकाणी दिसते. बंबवाल्यांचा प्रमुख सांगतो की बंदी आधी आली नाही. आधी लोकांनीच वाचणे सोडले. मोठी पुस्तके आटून छोटी झाली, छोट्यांचे सारांश झाले, सारांशाच्या दोन ओळी झाल्या. मग जाळायला अवघड काय होते? धडा न वाचता गाइडमधली उत्तरे पाठ करणाऱ्या वर्गासमोर आम्ही हे पान मोठ्याने वाचतो. फारसे काही सांगावे लागत नाही.

पुस्तकाच्या शेवटी जंगलात काही माणसे भेटतात. प्रत्येकाने एकेक पुस्तक तोंडपाठ केलेले असते. माणूस हेच पुस्तक. परदेशी वाचकांना ही कल्पना नवलाची वाटली असेल. आपल्या मुलांना तिचे नवल वाटत नाही, कारण मोहल्ल्यात कुठे ना कुठे एखादा हाफिज मुलगा असतोच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या ओठांवर तरले, असे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाठांतराला नावे ठेवण्याचा हा काळ आहे. समजून केलेले पाठांतर किती मोठा ठेवा असते, हे ब्रॅडबरींनी दाखवले.

ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा १९०९ ची. हे तेच फॉर्स्टर, ज्यांनी आपली ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी सर सय्यद अहमद खान यांचे नातू रॉस मसूद यांना अर्पण केली. कथेत माणसे जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात. जेवण, हवा, संगीत सगळे यंत्र पुरवते. आई एका टोकाला, मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि भेट होते ती एका चकाकत्या तबकडीवर. मुलगा म्हणतो, मला प्रत्यक्ष भेटायला ये. आईला कळतच नाही की तबकडीवर दिसतोय तर प्रत्यक्ष कशाला. कोकणातल्या कितीतरी घरांत अब्बा कुवेतला किंवा दुबईला आणि मुले व्हिडिओ कॉलवर असतात. त्या घरांना ही कथा आम्ही मुद्दाम सुचवतो. त्या घरांत यंत्र हा आधार आहे, हे खरेच. पण कॉल संपताना “कधी येणार?” असे विचारले जाते, तोवर ते घर फॉर्स्टरच्या कथेतले होत नाही. तो प्रश्न विचारणे थांबले की समजावे, आता काळजी करायला हवी.

‘द हंगर गेम्स’ (२००८) मुलांनी आधीच वाचलेले असते, निदान पाहिलेले तरी. बारा जिल्ह्यांतून दर वर्षी एक मुलगा, एक मुलगी अशी चोवीस मुले उचलायची, मैदानात सोडायची आणि एकच उरेपर्यंत चाललेली झुंज राजधानीने टीव्हीवर बघायची. लेखिका सुझान कॉलिन्स यांनी सांगितले आहे की टीव्हीची चॅनेल बदलताना एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे युद्धाची दृश्ये बघून ही कल्पना सुचली. मारामारी आहे, म्हणून नाक मुरडू नका. मुलांना फक्त विचारा, “मैदानात लढणारी मुलं तुला कळली. पण बघणारे कोण होते? आणि आपण कोणत्या बाजूला बसून बघतो?”

दहावीनंतर

आता मोठ्या तीन पुस्तकांकडे येऊ. पहिले येवगेनी झाम्यातिन यांचे. हे रशियन लेखक पेशाने जहाजबांधणीचे इंजिनियर. त्यांच्या कादंबरीचे नाव ‘आम्ही’. लिहिली १९२० च्या सुमारास, इंग्रजीत छापली गेली १९२४ मध्ये, पण त्यांच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडले. तोवर लेखकाला पॅरिसमध्ये जाऊन एक्कावन्न वर्षे झाली होती. या कादंबरीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची, जेणेकरून प्रत्येकाला प्रत्येक जण दिसावा. ‘मी’ म्हणणे हाच तिथे आजार.

हे सदर आम्हीही ‘आम्ही’ म्हणूनच लिहितो, त्यामुळे या नावापाशी थोडे थांबावेसे वाटते. उर्दूत ‘हम’ एकच आहे. मराठीने मात्र दोन शब्द ठेवले आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही ठरवलंय’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण ठरवू’ म्हटले की तो आत येतो. अंधेर नगरीचा कारभार नेहमी पहिल्या शब्दात चालतो. मुलाला पुढे काय शिकायचे, हे ठरवताना घरात कोणता शब्द वापरला जातो, हे एकदा कान देऊन ऐकावे.

दुसरे आल्डस हक्सली यांचे ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२). इथे कुणाला मारत-झोडत नाहीत. माणसे बाटलीत तयार होतात, जन्माआधीच वरच्या आणि खालच्या दर्जांत वाटली जातात, आणि उदास वाटले की सोमा नावाची गोळी घेतात. तान्ह्या बाळांपुढे पुस्तके आणि फुले ठेवून विजेचा झटका देतात, म्हणजे जन्मभर दोन्हींची धास्ती राहावी. सुखानेही माणसाला बांधता येते, हे हक्सलींचे सांगणे. यात स्त्री-पुरुष संबंधांचे मोकळे उल्लेख आहेत, म्हणून हे पुस्तक जरा थांबून, बारावीनंतर द्यावे.

तिसरे अर्थात ऑर्वेल यांचे ‘१९८४’. ऑर्वेल यांचा जन्म आपल्याच देशातला, १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीत. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. पुढे ते स्वतः बर्मात पोलीस अधिकारी होते. हुकूम देणाऱ्यांच्या बाजूने सत्ता कशी दिसते, हे त्यांनी आतून पाहिले होते. क्षयाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी हे पुस्तक पुरे केले. जून १९४९ मध्ये ते आले आणि जानेवारी १९५० मध्ये लेखक गेला. नायक विन्स्टन स्मिथ याची नोकरी म्हणजे जुनी वर्तमानपत्रे दुरुस्त करणे. आज सरकारचे म्हणणे बदलले की कालचा अंकही बदलायचा. ‘बिग ब्रदर’ची पाळत सगळ्यांना ठाऊक असते. भाषा शिकवणाऱ्या आम्हाला मात्र त्यातला शब्दकोश जास्त भिववतो. तिथे दर आवृत्तीत शब्दकोश लहान होतो. ‘वाईट’ हा शब्द कशाला हवा, ‘न-चांगले’ म्हटले की झाले! ज्या गोष्टीला शब्द नाही, ती गोष्ट मनातही येणार नाही, हा हिशेब. आमच्या वर्गात सुंदर, देखणे, रेखीव, टुमदार, लोभस या सगळ्यांसाठी एकच ‘मस्त’ चालते. ते कुणी हुकूम काढून केलेले नाही. म्हणून तर काळजी वाटते.

आपल्या मातीतले हवे असेल तर मंजुळा पद्मनाभन यांचे ‘हार्वेस्ट’ हे नाटक वाचा. १९९७ चा ग्रीसमधला ओनासिस पुरस्कार या नाटकाला मिळाला. मुंबईतल्या एका खोलीत राहणारे कुटुंब, नोकरी गेलेला मुलगा, म्हातारी आई. मुलगा दूरदेशीच्या श्रीमंत गिऱ्हाइकाशी आपल्या शरीराच्या अवयवांचा करार करतो. घरात स्वच्छतागृह येते, टीव्ही येतो, आई खूश होते. फक्त अवयव कधी न्यायचे, ते गिऱ्हाईक ठरवणार. गोविंद निहलानी यांनी यावर ‘देहम’ हा चित्रपट काढला. याच अंगाने जाणारी काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) ही कादंबरी तर इतक्या हळू आवाजात बोलते की शेवटच्या पानानंतर घरात कुणाशी बोलावेसे वाटत नाही.

मोठ्यांसाठी

इजिप्तच्या बसमा अब्देल अझीझ पेशाने मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांची ‘द क्यू’ ही मूळ अरबी कादंबरी २०१३ ची. एका शहरात एक भलेमोठे दार आहे. प्रत्येक परवानगी तिथूनच मिळते आणि दार उघडत नाही. रांग वाढत जाते, रांगेतच बाजार भरतो, चहा विकला जातो, ओळखी होतात. रांगेत याह्या नावाचा एक जण आहे, त्याच्या शरीरात गोळी रुतलेली आहे आणि ती काढायला परवाना हवा. डॉक्टरांना गोळी दिसते, पण कागदोपत्री गोळी झाडलीच गेलेली नाही. एखाद्या दाखल्यासाठी सकाळपासून ताटकळलेल्या कुणालाही हे पुस्तक समजावून सांगावे लागणार नाही. इजिप्तचेच डॉक्टर-लेखक अहमद खालिद तौफीक यांचे ‘यूटोपिया’ (२००८) तटबंदीच्या आत राहणारे श्रीमंत आणि बाहेर भुकेने मरणारे यांच्यावर आहे. पण ते फार हिंसक आहे, घरातल्या मुलांच्या हाती लागू देऊ नये. मार्गारेट ॲटवूड यांचे ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) हेही प्रौढांसाठीच. मानवी इतिहासात कुठे ना कुठे घडलेले नाही असे काहीही आपण त्यात घातले नाही, असे लेखिकेने सांगितले आहे.

उर्दूत इंतिज़ार हुसैन यांची ‘आखिरी आदमी’ ही कथा चुकवू नका. अस्हाब-ए-सब्त यांचा किस्सा आपल्या घरांत माहीत असतो. मनाई असताना मासे धरणारी वस्ती आणि माकडे होत गेलेली माणसे. कथेतला अल्यासफ सर्वांत शहाणा. तो त्या दिवशी मासे धरत नाही; खड्डा खणून ठेवतो आणि मासे दुसऱ्या दिवशी उचलतो. कायदा मोडला नाही असे स्वतःला समजावतो. मग शेजारी एकेक करून बदलू लागतात आणि तो आपले माणूसपण घट्ट धरून बसतो. न रागवायचे, न प्रेम करायचे, न घाबरायचे, न हसायचे. आणि सगळे सोडता सोडता त्याच्यात माणसाचे उरते काय? दहा-बारा पानांत एवढे मोठे काम आम्ही क्वचितच पाहिले आहे.

शेवटी एक सावधगिरी

या पुस्तकांचा एक धोका आहे आणि तो त्या अम्मींना वाटला त्याहून वेगळा आहे. भीती वाटेल हा तो धोका नव्हे. भीतीची सवय होईल आणि तिच्यात एक आळशी सुख मिळू लागेल, हा आहे. ‘सगळे असेच असतात, काही बदलत नाही’ असे म्हणणारा मुलगा फार शहाणा वाटतो. ‘ॲनिमल फार्म’मध्ये असा एक शहाणा आहे, बेंजामिन नावाचा गाढव. त्याला डुकरांइतकेच चांगले वाचता येते. नियम बदललेले त्याला दिसतात, पण तो बोलत नाही. आयुष्यभर राबलेल्या बॉक्सर घोड्याला दवाखान्याच्या नावाखाली गाडीत घालून नेतात, तेव्हा कुठे बेंजामिन धावत येतो आणि गाडीवरचा मजकूर सर्वांना वाचून दाखवतो. ती गाडी कसायाची असते. तोवर दार लागलेले असते. आपल्या घरातले मूल खूप वाचून बेंजामिन होऊ नये, इतकीच आमची काळजी आहे.

त्यावर उतारा म्हणून यादीतले शेवटचे पुस्तक सांगतो. ते अंधेर नगरीचे नाही, उजेडाचे आहे. बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाज् ड्रीम’ ही छोटी इंग्रजी कथा लिहिली. स्त्रियांच्या राज्यात विद्यापीठे आहेत, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी घेतात, विमानांतून फिरतात, आणि पुरुष घरात, मर्दान्यात बसतात! नवरा दौऱ्यावर असताना वेळ जावा म्हणून त्यांनी ही कथा लिहिली. परत आल्यावर त्याने ती उभ्या उभ्या वाचून काढली आणि मनापासून दाद दिली. वाचणारी मुले हसतात, मुली जास्त हसतात, आणि मग चर्चा अशी रंगते की तास संपल्याचे कळत नाही. अंधेर नगरी जे उलटे धरून दाखवते, ते ही कथा सुलटे करून दाखवते.

पण रुकैया स्वप्न लिहून थांबल्या नाहीत. १९०९ मध्ये नवरा वारला. त्याच वर्षी त्यांनी भागलपुरात मुलींची शाळा काढली. विद्यार्थिनी होत्या पाच. तिथे टिकाव लागला नाही तेव्हा १९११ मध्ये कोलकात्यात पुन्हा सुरुवात केली, आठ मुलींना घेऊन. मुली शाळेत याव्यात म्हणून त्या घरोघर जाऊन आईबापांना समजावत राहिल्या. ती शाळा आजही चालू आहे.

तेव्हा या सुट्टीत घरात एक अंधेर नगरी जरूर येऊ द्या. मुलांबरोबर तुम्हीही वाचा. वाचून झाले की दस्तरखानावर तीन गोष्टी विचारा. या गावातले लोक काय विसरले होते? पहिली चूक कुठे, किती छोटी झाली? आणि तिथे तू असतास, तू असतीस, तर कोणत्या दिवशी बोलला असतास, बोलली असतीस? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मूल लगेच देणार नाही. घाई करू नका. जेवण चालू राहू द्या.